आधी हेडर, मग डेटा: बिघडलेल्या एन्क्रिप्टेड हार्ड डिस्कवरून माहिती परत मिळवताना

एन्क्रिप्टेड डिस्क बिघडली की आपल्यापुढे एकाच वेळी दोन निरनिराळ्या अडचणी उभ्या राहतात. एक असते यंत्राची: डिस्कचे काही भाग वाचता येत नाहीत किंवा डिस्क फिरतच नाही. दुसरी असते किल्लीची: जे वाचता येते तेही उलगडल्याशिवाय निरर्थक असते. या दोन्ही अडचणी एकत्र सोडवू पाहणाऱ्यांचेच नुकसान सर्वाधिक होते. बिघडत चाललेल्या डिस्कवर वारंवार पासवर्ड टाकून पाहिले जातात, दुरुस्तीची साधने थेट मूळ डिस्कवरच चालवली जातात आणि त्या धडपडीत डिस्कचे उरलेसुरले आयुष्य संपून जाते. म्हणून क्रम पक्का ठरवून घ्यावा. आधी डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे ज्या ठरावीक आकाराच्या छोट्या तुकड्यांत डिस्क डेटा साठवते ते, जसेच्या तसे सुरक्षित ठिकाणी उतरवून घ्यायचे, किल्लीचा विचार नंतर करायचा आणि तोही उतरवून घेतलेल्या प्रतीवर.

या क्रमाला एकच अपवाद आहे. संगणक अजून चालू असेल, डिस्क उघडलेल्या अवस्थेत असेल आणि फायली दिसत असतील, तर तो बंद करू नये. उघडलेल्या डिस्कची मुख्य किल्ली त्या वेळी संगणकाच्या मेमरीत असते, त्यामुळे डिस्कवरचे हेडर (जिथे ही किल्ली बंद करून ठेवलेली असते तो छोटा भाग) पुसले गेले असले तरी चालू सत्रात फायली वाचता येतात. एकदा संगणक बंद झाला की ती किल्ली नाहीशी होते आणि पुढच्या वेळी ती पुन्हा तयार करण्यासाठी हेडरच लागते. अशा वेळी सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. विंडोजवर बिटलॉकर ही विंडोजची स्वतःची एन्क्रिप्शन प्रणाली असेल, तर मॅनेज-बीडीई या आज्ञेने त्याच सत्रात रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडणारी ४८ अंकांची पर्यायी किल्ली, पडद्यावर आणून लिहून ठेवावी.

हेडर म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कोणतीही कृती डोळसपणे करता येणार नाही. आपण टाकतो त्या पासवर्डने डेटा थेट उलगडत नसतो. डेटा एका यादृच्छिक मुख्य किल्लीने कूटबद्ध केलेला असतो, आणि ती मुख्य किल्ली पासवर्डपासून बनवलेल्या दुसऱ्या किल्लीने बंद करून डिस्कच्याच एका छोट्या भागात ठेवलेली असते. हा छोटा भाग म्हणजे हेडर. दोन टेराबाइटच्या डिस्कवर तो काही किलोबाइट ते काही मेगाबाइट एवढाच असतो, पण तो गेला तर पासवर्ड अचूक आठवत असूनही उरलेले दोन टेराबाइट उघडत नाहीत. उलट हेडर शाबूत असेल आणि डेटाच्या भागात शेकडो सेक्टर खराब असतील, तर नुकसान सहसा त्या सेक्टरांपुरतेच राहते. सध्या प्रचलित असलेल्या एक्सटीएस पद्धतीत प्रत्येक सेक्टर त्याच्या क्रमांकाच्या आधारे स्वतंत्रपणे उलगडतो, आणि एखादा बिट बिघडला तर त्या १६ बाइटांच्या ठोकळ्यापुरतीच खराबी येते. एन्क्रिप्टेड डिस्कचा एक सेक्टर गेला की सगळेच गेले, ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी वाचू शकणाऱ्या डिस्क टाकून दिल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.

हेडर कुठे असते आणि त्याची दुसरी प्रत असते का, हे कोणत्या प्रणालीने एन्क्रिप्शन केले आहे यावर अवलंबून असते. लिनक्सवरील लक्स प्रणालीत ते पार्टिशनच्या (डिस्कच्या आखून दिलेल्या भागाच्या) अगदी सुरुवातीला असते. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत हेडरची एकच प्रत असते. दुसऱ्या आवृत्तीत माहितीच्या भागाची दुसरी प्रत लगेच मागे ठेवलेली असते, पण बंद केलेल्या किल्ल्या ज्यात असतात त्या की-स्लॉटांची दुसरी प्रत तिथेही नसते. हे की-स्लॉट मुद्दाम नाजूक बनवलेले आहेत. पासवर्ड रद्द केल्यावर जुनी किल्ली खात्रीने नष्ट व्हावी, म्हणून किल्ली ४००० पट पसरवून लिहिली जाते. ५१२ बिटांची किल्ली असेल, तर एक स्लॉट २,५६,००० बाइट व्यापतो आणि त्यातला एक बिट जरी बदलला तरी तो स्लॉट उघडत नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये वेगळा पासवर्ड ठेवलेला असेल, तर मात्र त्याने काम भागते. व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन साधनाचे हेडर व्हॉल्यूमच्या (कूटबद्ध केलेल्या संपूर्ण भागाच्या) सुरुवातीला असते आणि त्याची राखीव प्रत व्हॉल्यूमच्या शेवटच्या १२८ किलोबाइटमध्ये असते. मात्र ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होते तीच व्हेराक्रिप्टने बंद केलेली असेल, तर ही राखीव प्रत नसते आणि सुरुवातीला बनवून घेतलेली रेस्क्यू डिस्कच उपयोगी पडते. बिटलॉकर आपली माहिती व्हॉल्यूममध्ये तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहितो, त्यामुळे बिघडलेल्या डिस्कच्या बाबतीत तो इतरांपेक्षा अधिक सोशीक ठरतो.

आपली डिस्क एन्क्रिप्टेड आहे हेच अनेकांना माहीत नसते, हेही इथे नोंदवले पाहिजे. विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. रोजच्या वापरात ती कधीच मागितली जात नाही, कारण मदरबोर्डवरील टीपीएम ही चिप कुलूप परस्पर उघडत असते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा मदरबोर्डच निकामी झाला, की पहिल्यांदा रिकव्हरी कीच्या ४८ अंकांची मागणी समोर येते. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी हे अंक शोधून ठेवावेत: खात्यात, छापील कागदावर, किंवा कार्यालयाचा संगणक असेल तर तेथील तंत्रविभागाकडे. मागणीच्या पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांकही दिसतो. एकाच खात्यात अनेक किल्ल्या साठलेल्या असतात, तेव्हा तो ओळखक्रमांक जुळवूनच किल्ली निवडावी.

प्रत काढण्यापूर्वी

बिघडलेल्या डिस्कचा आवाज आधी ऐकावा. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, घासल्यासारखे ऐकू येत असेल किंवा डिस्क फिरून पुन्हा थांबत असेल, तर वीज लगेच तोडावी आणि ती पुन्हा जोडून पाहू नये. आतले वाचक हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात. ते तबकडीला टेकलेले असतील, तर प्रत्येक फेरीगणिक पृष्ठभाग खरवडला जातो आणि खरवडलेल्या जागेवरचा डेटा जगातील कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवणे, हलकेच आपटणे, झाकण उघडून पाहणे हे उपाय आजही सांगितले जातात. ते करू नयेत. अशी डिस्क धूळविरहित कक्ष असलेल्या व्यावसायिक सेवेकडेच द्यावी.

तिथे देताना पासवर्ड सांगावाच लागतो असे नाही. संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रत मागावी आणि ती घरी आपण उलगडावी. डिस्क फारच नाजूक असेल आणि केवळ वापरातले सेक्टर निवडून वाचायचे असतील, तर मात्र त्यांना किल्लीची गरज पडते, कारण किल्लीशिवाय कोणता सेक्टर भरलेला आणि कोणता रिकामा हे बाहेरून कळत नाही. या दोहोंपैकी काय पत्करायचे, हे डेटाची गोपनीयता आणि डिस्कची अवस्था पाहून मालकानेच ठरवावे.

डिस्क शांतपणे फिरत असेल आणि फक्त वाचताना अडखळत असेल, तर काम घरी करता येते. ती विंडोजला जोडण्याचे टाळावे. विंडोजला न ओळखता आलेल्या डिस्कबाबत ‘इनिशलाइज करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना समोर येते, आणि घाईत दाबलेले एक बटण हेडरवर नवी विभाजन सारणी, म्हणजे पार्टिशनांची यादी, लिहून टाकते. जीपीटी प्रकारची सारणी डिस्कचे पहिले ३४ सेक्टर व्यापते, म्हणजे ५१२ बाइटांच्या सेक्टरप्रमाणे १७,४०८ बाइट. पार्टिशन न करता संपूर्ण डिस्कवरच लक्सची पहिली आवृत्ती बसवलेली असेल, तर एवढ्या लेखनाने हेडर आणि पहिल्या की-स्लॉटचा आरंभ दोन्ही पुसले जातात. दुसऱ्या आवृत्तीत की-स्लॉट सहसा ३२ किलोबाइटांच्या पुढे असतात आणि माहितीच्या दुसऱ्या प्रतीचाही बराचसा भाग वाचतो, त्यामुळे जाणकाराच्या हाती ती डिस्क अजून उघडू शकते. अशी चूक झालीच असेल तर पुढे काहीही न लिहिता तिथेच थांबावे.

लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (ज्या पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालते तिच्यावरून) संगणक सुरू करावा, डिस्क आपोआप माउंट होण्याची, म्हणजे वापरासाठी उघडली जाण्याची, सोय बंद करावी आणि स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची प्रकृती पाहावी. त्यातील ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत: बदली दिलेले सेक्टर, वाचनासाठी अडलेले सेक्टर आणि दुरुस्त न झालेले सेक्टर. १९७ चा आकडा डोळ्यांदेखत वाढत असेल, तर वेळ फार थोडा आहे असे समजावे आणि चाचण्या चालवत बसू नये.

बाह्य खोक्यातील डिस्कबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. काही बाह्य ड्राइव्हमध्ये एन्क्रिप्शन खोक्यातील यूएसबी जोडणीच्या चिपमध्येच होते, आणि मालकाने कधीही पासवर्ड ठेवलेला नसला तरी ते चालू असते. खोके फोडून डिस्क थेट साटा केबलने जोडली की सर्वत्र निरर्थक बाइट दिसतात आणि डेटा गेला असा समज होतो. काही खोकी सेक्टरचा आकार ५१२ बाइटांऐवजी ४०९६ बाइट दाखवतात, त्यामुळे थेट जोडल्यावर पार्टिशन दिसेनासे होते. म्हणून मूळ खोके व त्यातील सर्किट बोर्ड कधीही टाकून देऊ नये.

प्रत काढणे

या कामासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. साधी कॉपीची आज्ञा खराब सेक्टरवर अडते किंवा थांबते. डीडीरेस्क्यू मात्र आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडलेले भाग बाजूला ठेवते आणि प्रत्येक सेक्टरची नोंद एका मॅप फाइलमध्ये करत जाते. वीज गेली किंवा डिस्क मध्येच गप्प झाली, तरी त्या फाइलच्या आधारे जिथे थांबले तिथून काम पुढे सुरू करता येते. मॅप फाइलशिवाय हे साधन कधीही चालवू नये. प्रत एखाद्या पार्टिशनची न काढता संपूर्ण डिस्कची काढावी, आणि ती दाबून लहान केलेल्या स्वरूपात न ठेवता जशीच्या तशी ठेवावी. एक्सटीएसमध्ये उलगडणे सेक्टरच्या क्रमांकावर अवलंबून असल्याने प्रतीतील एखादा तुकडा जागचा सरकला, तर तिथून पुढचे सगळे चुकीचे उलगडते.

एन्क्रिप्टेड डिस्कसाठी माझा आग्रह असा, की पहिली फेरी संपूर्ण डिस्कवर न लावता फक्त मोलाच्या जागांवर लावावी. डीडीरेस्क्यूला आरंभस्थान आणि लांबी सांगता येते. लक्स असेल तर पार्टिशनचे पहिले १६ मेगाबाइट आणि व्हेराक्रिप्ट असेल तर व्हॉल्यूमचे पहिले व शेवटचे १२८ किलोबाइट आधी वाचून घ्यावेत. हे काम काही सेकंदांचे असते आणि त्यानंतर डिस्क कायमची थांबली, तरी जे हाती आले ते उघडण्याची शक्यता आपल्याकडे उरते. बिटलॉकरच्या तीन प्रती विखुरलेल्या असल्याने तिथे सरळ पूर्ण फेरीच लावावी.

मग पूर्ण डिस्कची पहिली फेरी डीडीरेस्क्यूचा ‘खरवडण्याचा’ टप्पा, म्हणजे अडलेले भाग एकेक सेक्टर करून वाचण्याचा टप्पा, वगळून चालवावी आणि ती संपल्यावरच खराब भागांवर थेट वाचनाचा पर्याय लावून दोन-तीन पुनर्प्रयत्न करावेत. उलट्या दिशेने वाचल्यास काही अडलेले सेक्टर हाती लागतात. सुदृढ डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने वाचली, तर दोन टेराबाइटला सुमारे साडेपाच तास लागतात. आजारी डिस्कला दिवसच्या दिवस लागू शकतात. डिस्क तापू नये म्हणून तिच्यावर पंखा ठेवावा. काम संपल्यावर मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी, प्रतीची फाइल केवळ वाचनासाठी खुली करावी आणि शक्य असल्यास तिचीही एक प्रत काढावी.

प्रत उलगडणे

लक्सच्या प्रतीवर आधी क्रिप्टसेटअप या लक्स हाताळणाऱ्या साधनाची हेडरचा तपशील दाखवणारी आज्ञा चालवावी. तपशील नीट दिसला, तर पार्टिशन केवळ वाचनासाठी उघडून पाहावे. या टप्प्यावर पासवर्ड चुकला आहे की की-स्लॉट बिघडला आहे हे संदेशावरून कळत नाही, कारण दोन्ही वेळा या पासवर्डला जुळणारी किल्ली नाही असेच उत्तर येते. म्हणून आधी कीबोर्डची भाषा आणि कॅप्स लॉक तपासावे. लाइव्ह यूएसबीवर कीबोर्डची मांडणी वेगळी असू शकते आणि चिन्हे असलेला पासवर्ड नेमका तिथेच चुकतो. त्यानंतर स्लॉटची जागा हेक्स संपादकात (कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात) पाहावी. निरोगी स्लॉट सर्वत्र विस्कळीत बाइटांनी भरलेला दिसतो. त्यात शून्यांचा सलग पट्टा किंवा वाचता येणारे शब्द आढळले, तर तो पुसला गेला आहे. मॅप फाइलमध्ये त्या जागी खराब सेक्टरची नोंद आहे का, हेही ताडून घ्यावे. लक्सची दुसरी आवृत्ती पासवर्डवरून किल्ली बनवताना एक गिगाबाइटपर्यंत मेमरी वापरते, त्यामुळे कमी मेमरीच्या जुन्या संगणकावर बरोबर पासवर्डही अपयशी ठरू शकतो. हेडरची राखीव फाइल पूर्वी काढून ठेवलेली असेल, तर ती डिस्कवर न लिहिता स्वतंत्र हेडर म्हणून पुरवता येते.

व्हेराक्रिप्टमध्ये माउंट करताना व्हॉल्यूममधील राखीव हेडर वापरण्याचा आणि केवळ वाचनासाठी उघडण्याचा पर्याय एकत्र निवडावा. बिटलॉकरसाठी विंडोजमधील रिपेअर-बीडीई हे साधन आहे. ते बिघडलेल्या व्हॉल्यूममधून जे उलगडेल ते दुसऱ्या व्हॉल्यूमवर लिहिते. त्या दुसऱ्या व्हॉल्यूमवरचे सर्व काही पुसले जाते, म्हणून तो रिकामा आणि मूळ व्हॉल्यूमएवढा किंवा त्याहून मोठा असावा. लिनक्सवर डिसलॉकर किंवा २०२० नंतरचा क्रिप्टसेटअपही बिटलॉकरचा व्हॉल्यूम वाचू शकतो.

रिकव्हरी की हाताने लिहिलेली असेल आणि ती नाकारली जात असेल, तर निराश होण्याआधी एक पडताळणी करून पाहावी. ४८ अंकांचे सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. एकदा असाच एक कागद माझ्यासमोर आला होता. देवनागरी अंकांत उतरवलेले आठ गट, आणि त्यातला एक २८३५९४ असा वाचला जात होता. त्याला ११ ने भागले की बाकी तीन उरते. नीट पाहिल्यावर पाचवा अंक ९ नसून वळण अपुरे राहिलेला १ असावा असे दिसले. २८३५१४ ला ११ ने भागले की बरोबर २५७७४ येतात. डिस्क उघडली. एका गटात एकच अंक चुकला असेल किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले असतील, तर ही पडताळणी ती चूक हमखास पकडते, आणि आठ भागाकारांत शोधाची जागा सहा अंकांवर येते.

हेडर, त्याची राखीव प्रत आणि रिकव्हरी की यांपैकी काहीच उरले नसेल, तर डेटा परत मिळत नाही. १२८ किंवा त्याहून अधिक बिटांची मुख्य किल्ली अंदाजाने शोधणे शक्य नाही, आणि ते करून देतो असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. हेडर शाबूत आहे पण पासवर्ड अर्धवटच आठवतो, ही परिस्थिती वेगळी आहे. अशा वेळी आठवणाऱ्या भागांच्या जुळण्या करून हॅशकॅटसारखे पासवर्ड शोधणारे साधन नुसत्या हेडरवर प्रयत्न करू शकते.

उलगडल्यानंतर

उलगडलेल्या व्हॉल्यूमची पुन्हा वेगळी प्रत काढावी आणि फाइल सिस्टीमची दुरुस्ती त्याच प्रतीवर करावी. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही हरवलेली पार्टिशने व फायली शोधणारी साधनेही इथेच लावायची असतात. कूटबद्ध प्रतीवर ती चालवून ‘काहीच सापडले नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण तिथे सापडण्यासारखे काही नसतेच.

एका सूक्ष्म गोष्टीकडे मात्र लक्ष हवे. जे सेक्टर वाचता आले नाहीत, त्यांच्या जागी प्रतीमध्ये शून्ये असतात. साध्या डिस्कवर अशी शून्ये फायलींत तशीच दिसतात आणि पोकळी ओळखू येते. एन्क्रिप्टेड डिस्कवर ती शून्येही उलगडली जातात आणि त्यांचे विस्कळीत बाइट होतात, म्हणून बिघडलेला भाग अस्सल डेटासारखाच भासतो. हिशेबाच्या वहीतील एखादे पान अशा प्रकारे नकळत खोटे होऊ शकते. यावर उपाय असा, की मॅप फाइलमधील खराब जागांवर डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या सोयीने उलगडलेल्या प्रतीत एखादा ओळखीचा शब्द भरावा आणि मग तो शब्द कोणकोणत्या फायलींत आढळतो हे शोधावे. त्या फायली बिघडलेल्या म्हणून बाजूला काढाव्यात. हे करताना पार्टिशनचे आरंभस्थान आणि हेडरची लांबी वजा करायला विसरू नये. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत डेटा सहसा पार्टिशनच्या आरंभापासून १६ मेगाबाइटांवर सुरू होतो, आणि एवढी वजाबाकी राहून गेली तर चांगल्या फायलींवर शिक्का बसतो.

फायली नव्या डिस्कवर उतरवल्यावर त्यांतील काही प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात: एखादे मोठे चित्रीकरण शेवटपर्यंत, एखादी जुनी संकुचित फाइल पूर्ण उलगडून. ही तपासणी होईपर्यंत मूळ डिस्क आणि कूटबद्ध प्रत पुसू नये. नवी डिस्कही एन्क्रिप्टेड करणार असाल, तर त्याच दिवशी तिच्या हेडरची राखीव फाइल काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पुढे कधी पासवर्ड कोणाला कळला म्हणून बदललात, तर जुनी राखीव फाइल नष्ट करून नवी काढावी, कारण जुन्या हेडरला जुना पासवर्ड अजूनही चालतो आणि त्याने आजची डिस्कही उघडते.